यादी वाचल्यासारखा आवाज

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या छापखान्याचे व्यवस्थापकसाहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, जुळणी, छपाई आणि बांधणी खात्यांतले माझे सहकारी, मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले आणि भाषण लांबलं तर सगळ्यांत आधी सटकणारे वाहनचालक बंधू, आणि जिच्या निरोपासाठी आपण ही खोली झाडून, खुर्च्या मांडून जमलो आहोत ती, मुद्रितशोधन खात्यातली आमची स्वल्पताई. 'ती' म्हटलं ते मायेपोटी, ताई. आता पुन्हा 'तुम्ही'वर येते.

साहेबांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. माझ्या आधीच्या तीन वक्त्यांनाही पाचच दिली होती, एवढं त्यांनी घड्याळ दाखवण्यापूर्वी आठवावं.

पाहुण्यांना वाटेल, हे कसलं नाव? तर आमच्या खात्यात दोघी-दोघींची जोडी असते. एक मूळ प्रत मोठ्याने वाचते, दुसरी छापलेल्या कागदावर नजर ठेवून चुका टिपते. वाचणारीला नुसते शब्द वाचून भागत नाही. विरामचिन्हंसुद्धा तोंडाने म्हणावी लागतात. गेली सव्वीस वर्षं ताई वाचणाऱ्या आणि मी तपासणारी. शाळेची पुस्तकं, गाड्यांची वेळापत्रकं, औषधांच्या खोक्यात घडी करून कोंबलेले ते बारीक अक्षरांचे कागद, सगळं मी ताईंच्या तोंडून ऐकलं. ताई घरीसुद्धा 'जेवण झालंय स्वल्पविराम हात धुऊन या पूर्णविराम' असंच बोलतात, असा बांधणी खात्याचा अजून समज आहे. त्यावरून हे नाव पडलं.

वाचणारीला एक पथ्य कडक पाळावं लागतं. वाचताना भावना घालायची नाही. वाचणारी रंगात आली की तपासणारी गोष्टीत रमते आणि वेलांटी निसटते. म्हणून गोष्टीतली आई मरो नाहीतर गाडी सव्वानऊला सुटो, ताईंचा सूर एकच. हे एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझ्याबद्दल थोडं. निरोप ताईंचा असताना स्वतःबद्दल बोलणं शोभत नाही, पण इलाज नाही. मला तुम्ही सगळे 'मतवाली' म्हणता, आणि ते कशामुळे हे पाहुण्यांना सांगायला हवं, नाहीतर भलताच गैरसमज व्हायचा. कँटीनच्या दाराशेजारी एक फलक आहे. त्यावर दर सोमवारी मी एक कागद लावते. चित्रपट आणि टीव्हीवरच्या मालिका यांच्यावरचं माझं मत. रकाने दोन. एकाचं शीर्षक 'उगाच डोक्यावर घेतलेले', दुसऱ्याचं 'उगाच अडगळीत टाकलेले'. मधला रकाना नाही. मधलं काही मला सुचत नाही.

माझी मतं ठाम आहेत आणि आज समारंभ आहे म्हणून ती मी मवाळ करणार नाही. तो राजाचा चित्रपट तुम्ही तीन-तीनदा पाहिलात. राजा तलवार उपसायला चार मिनिटं घेतो, पार्श्वसंगीत आठ मिनिटं घेतं, आणि त्या सगळ्या गदारोळात फक्त घोडा नेमकं काम करून जातो. मी लिहिलं, 'पुरस्कार घोड्याला द्यावा.' छपाई खात्याने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. आजही म्हणते, घोड्यालाच द्यावा. ती सातशे भागांची मालिका, जिच्यातला सासरा तीनदा वारला आणि चारदा परत आला! लेखकाकडे, दिग्दर्शकाकडे, कुणाकडेच एक तपासणारी बाई नव्हती का हो? आणि तो गंभीर चित्रपट, ज्यात नायक अकरा मिनिटं खिडकीबाहेर बघतो. बाहेर पडताना जो तो म्हणत होता, 'काय खोल आहे!' खोल असेल, पण आत पाणी होतं का? साहेब, तुम्हीही त्यात होतात. मान हलवू नका, मी तुमच्या मागच्याच रांगेत बसले होते.

आणि अडगळीत काय पडलं? वजनकाट्यावर काम करणाऱ्या माणसाचा तो लहानसा चित्रपट. शुक्रवारी लागला, सोमवारी उतरला. प्रेक्षागृहात आम्ही नऊजण होतो, त्यातले दोघे थंड हवेसाठी आले होते. चित्रपटभर तो माणूस दुसऱ्यांचे ट्रक तोलतो. शेवटी एकदा आजूबाजूला कुणी नाही असं बघून स्वतः काट्यावर उभा राहतो, आणि ट्रकांचा तो काटा जागचा हलतच नाही. तो क्षणभर बघत राहतो आणि खाली उतरतो. संपलं. मी तशीच बसून राहिले होते. किंवा ती शिवणकाम करणाऱ्या दोन बहिणींची मालिका. वर्षानुवर्षं बोलणं बंद. एक मोठ्याने माप सांगते, दुसरी वहीत उतरवते, आणि त्या मापं सांगण्या-लिहिण्यातूनच हळूहळू भांडण मिटतं. सहाव्या भागात गुंडाळली, 'लोक बघत नाहीत' म्हणून. लोकांना कळवलं कधी होतं?

तर अशी मी. इतक्या वर्षांत मत मागे घेतलं नाही. आज एक मागे घ्यायला उभी आहे, आणि ते घेतल्याशिवाय खाली बसणार नाही.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्यातल्या जुन्यांना गुरुवारची ती मालिका आठवत असेल. दुसऱ्या भाषेत केलेली, आवाज मात्र आपल्या भाषेत दिलेले. तेरा भागांची. रेल्वे स्थानकातल्या हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात काम करणारी एक बाई. तिचा नवरा एके दिवशी छत्री घेऊन बाहेर पडला, तो परतला नाही. बाई रोज दुसऱ्यांच्या हरवलेल्या वस्तूंची नोंद करते आणि वाट बघते. आपला सगळा छापखाना त्या मालिकेने खुळावला होता. दुसऱ्या पाळीचा चहा अर्धा तास पुढे ढकलला होता, कारण कँटीनमधल्या टीव्हीसमोरून कुणी उठेना.

आता एवढे सगळे एका सुरात वाहवा करायला लागले की माझ्या अंगावर काटा येतो. मी चारच भाग पाहिले. हो, चारच. हे आज पहिल्यांदा कबूल करते. आणि सोमवारसाठी मत लिहिलं. तो कागद माझ्याजवळ आहे, वाचते. 'उगाच डोक्यावर घेतलेले. गुरुवारची मालिका. नायिकेला जिने आवाज दिला आहे, तिचा आवाज यादी वाचल्यासारखा. सुख असो, दुःख असो, एकच सूर. या बाईंनी दुसरा उद्योग बघावा.'

हसलात ना? तेव्हाही कँटीन असंच हसलं होतं.

पण कागद भिंतीवर जाण्याआधीचं ऐका. आमच्या खात्याचा दंडक आहे, तपासल्याशिवाय काही लावायचं नाही. मग ते 'नळ बंद ठेवा' का असेना. माझा कागदही दर सोमवारी ताई वाचायच्या. त्या दिवशीही त्यांनी तो हातात घेतला आणि नेहमीसारखा वाचला. 'सुख असो स्वल्पविराम दुःख असो स्वल्पविराम एकच सूर पूर्णविराम या बाईंनी दुसरा उद्योग बघावा पूर्णविराम.' मग तांबडं पेन उचलून म्हणाल्या, "दुःखातला विसर्ग राहिलाय गं." आणि त्यांनी तो भरला.

मग त्यांनी विचारलं, "आणि हे खाली काय खोडलंयस?"

खाली एक वाक्य मी लिहून खोडलं होतं. 'पण हा आवाज घरी गेल्यावरही कानात राहतो.' ताई म्हणाल्या, "हे बरं होतं की."

इथे पाहुण्यांसाठी पुन्हा थोडं थांबते. आमच्या धंद्यात चुकून खोडलेला शब्द परत हवा असेल, तर त्याच्याखाली ठिपके देतात आणि समासात लिहितात, 'राहू द्या'. घरात आपण 'राहू द्या' म्हणतो ते 'नको, सोडा' या अर्थाने. आमच्याकडे अर्थ बरोबर उलटा. ठेवा, जाऊ देऊ नका. तर मी म्हटलं, "राहू द्या हो ताई." ताईंचं पेन हवेत थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, यातलं कुठलं 'राहू द्या' म्हणून. आणि मी हसत म्हणाले, "घरातलं, ताई, घरातलं! त्या वाक्याने विनोदाची मजा जाते."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मी कागद टाचला.

मित्रहो, तो आवाज ताईंचा होता.

हो. आपल्या स्वल्पताईंचा. तेव्हा दर रविवारी त्या "जरा काम असतं" म्हणायच्या, ते काम हे. शेजारच्या खुर्चीतली बाई, जिचा आवाज मी रोज आठ तास ऐकत होते, तिचाच आवाज टीव्हीवर ऐकून मला ओळखता आला नाही. कसा ओळखणार? मी इतकी वर्षं अक्षरं ऐकत होते. काना, मात्रा, वेलांटी. आवाज कधी ऐकलाच नव्हता. आणि 'दुसरा उद्योग बघावा' म्हणून लिहिलं, तो दुसरा उद्योग त्या माझ्याशेजारी बसूनच करत होत्या.

मला हे कळलं कधी? चार महिन्यांपूर्वी. घोटा मोडून पाय प्लास्टरमध्ये होता, हे तुम्हाला माहीत आहे. दुपारी भाचीने कुठून तरी शोधून ती जुनी मालिका लावली. एरवी शेवटची नावं सुरू झाली की मी उठते. दिवसभर अक्षरं बघणारी बाई घरी नावांची यादी कशाला वाचेल? पण त्या दिवशी पाय स्टुलावर. उठता येईना. आणि समोर अक्षरं आली की माझी नजर थांबत नाही. आली ओळ. 'आवाज', आणि पुढे ताईंचं पूर्ण नाव. त्यातही वेलांटी चुकलेली! मुद्रितशोधकाच्या नावात चूक, आणि बावीस वर्षं ती कुणी टिपली नाही, कारण टिपणारी दर वेळी उठून जात होती.

मग मी तेराही भाग पाहिले. नववा दोनदा. नवव्या भागात एक हमाल त्या बाईच्या टेबलावर एक छत्री आणून ठेवतो. ती नवऱ्याची छत्री आहे, हे तिला कळतं, आपल्यालाही कळतं. पण रांग लागलेली आहे, मागे माणसं उभी आहेत. ती नोंदवही ओढते आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचते. 'छत्री. एक. काळी. मूठ लाकडी. एक काडी मोडलेली.' एकच सूर. कुठे कंप नाही, हुंदका नाही. मी पोटभर रडले. भाचीने विचारलं, "मावशी, रडतेयस?" म्हटलं, "पाय दुखतोय."

यादी वाचल्यासारखा आवाज! अहो, ती यादीच वाचत होती. जिचं सगळं हरवलंय तिला यादी वाचण्यावाचून दुसरं काय हातात असतं? माझं मत चुकीचं होतं असंही नाही. मी ऐकलं होतं बरोबर आणि लावलं होतं भलत्या रकान्यात. आणि खोडलेलं वाक्य सांगतं की मनातून मला हे तेव्हाही ठाऊक होतं. न आवडलेलं बेधडक सांगायला धैर्य लागतं, असं मला वाटायचं. त्याला काही लागत नाही हो. सगळ्यांना आवडलेलं आपल्यालाही आवडलं, हे सांगायला लागतं. ते माझ्याकडे नव्हतं.

कुबड्या घेऊन कामावर आले त्या दिवशी ताईंना विचारलं, "माझ्यामुळे आवाज द्यायचं सोडलंत का?" म्हणाल्या, "छे गं. स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर होता, गुडघे दुखायचे." ताई तेव्हा छत्तीस वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी छापखान्याच्या क्रीडास्पर्धेत त्यांनी दोरीवरच्या उड्यांत पहिलं बक्षीस घेतलं, त्याचा फोटो आजही लेखा खात्याबाहेर लटकतोय. एवढी ढोबळ चूक माझ्या नजरेतून सुटेल असं त्यांना वाटलं तरी कसं?

मग मी तो स्टुडिओ शोधून काढला. तिथले ध्वनिमुद्रक काका आज इथे आले आहेत, तिसऱ्या रांगेत, निळा सदरा. काका, जरा हात वर करा. त्यांनी मला सांगितलं की ताईंनी उरलेले भाग पुरे केले, घेतलेलं काम अर्धवट टाकायचं नाही म्हणून. आणि पुढच्या कामाला 'राहू द्या' म्हणाल्या. कारण सांगितलं नाही. त्यांनी आणखी एक सांगितलं. त्या मालिकेचं दुसरं पर्व आलंय. तीच नटी, आता केस पांढरे. तेच कार्यालय, आता बंद पडायला आलेलं. त्यांना आपल्या भाषेत तोच आवाज हवाय. काकांनी ताईंना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर काय आलं असेल? 'राहू द्या.' सोमवारी काम सुरू होतंय. ताई नाही म्हणाल्या, तर काका दुसरा आवाज घेणार, आणि त्यांचा काही दोष नाही.

मी ताईंना गेले तीन आठवडे विनवतेय. जेवणाच्या सुट्टीत, बसथांब्यावर, फोनवर. फुलांचा गुच्छ दिला तरी राहू दे, माफी मागितली तरी राहू दे. तेव्हा मी ठरवलं, जे मत चारचौघांत मांडलं ते चारचौघांतच मागे घ्यायचं.

गेल्या मंगळवारी त्यांचं टेबल आवरताना खालच्या खणात हा कागद मिळाला. चार कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं आहेत. विसर्ग तांबड्या शाईत आहे. सोमवार संपला की मी जुना कागद फाडून टाकते. हा एक त्यांनी भिंतीवरून काढून जपून ठेवला होता. स्वतःला टोचणारा कागद बावीस वर्षं कुणी का जपतं, यावर मी चार रात्री डोकं खाजवलं. मला वाटतं, त्या खोडलेल्या वाक्यासाठी. ताई, चुकत असेन तर सांगा. नाही सांगत त्या. चष्मा पुसताहेत.

साहेब, माझी पाच मिनिटं केव्हाच संपली. एकच मिनिट. हे माझं तांबडं पेन. आणि हे ठिपके, खोडलेल्या वाक्याच्या खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. समासात लिहिते, राहू द्या. धंद्यातलं, ताई. घरातलं नाही.

ताई, मला माफ करा. विनोद साधावा म्हणून मी खरं वाक्य खोडलं. तुम्ही विचारलंत तेव्हासुद्धा खोडलेलंच ठेवलं. तुमच्यासारखा आवाज मी त्यानंतर कुठल्या चित्रपटात, कुठल्या मालिकेत ऐकलेला नाही, आणि मी थोडं बघत नाही. हा कागद घ्या. तुम्ही वाचणाऱ्या, मी तपासणारी. शेवटचं एकदा तेवढं वाक्य वाचून दाखवा.

ऐकलंत? 'राहू दे गं' म्हणाल्या. ताई, कुठलं? घरातलं की धंद्यातलं?

हसल्या. चष्मा लावला. जरा शांत बसा, त्यांना ध्वनिक्षेपक नको असतो.

...

मागच्या रांगेला ऐकू गेलं नसेल तर मी सांगते. ताईंनी वाचलं, 'पण हा आवाज घरी गेल्यावरही कानात राहतो स्वल्पविराम.'

ताई, तिथे पूर्णविराम आहे. चांगला ठसठशीत दिलाय मी. मूळ प्रतीत नसलेलं चिन्ह तुम्ही सव्वीस वर्षांत एकदाही वाचलं नाहीत. काय? 'वाक्य संपलं नाही' म्हणता? मग सोमवारी जाणार?

काका, मान हलली. मी पाहिली, साहेबांनी पाहिली, अख्ख्या छापखान्याने पाहिली. वेळ लिहून घ्या. आणि नाव या खेपेला नीट घाला, पहिली वेलांटी.

आता खरंच बसते. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघूनही मला थांबवलं नाही, पाहुण्यांनी आमचं घरगुती प्रकरण मन लावून ऐकलं, काका काम टाकून आले, तुम्ही सगळे योग्य जागी हसलात आणि योग्य जागी गप्प राहिलात, त्याबद्दल मनापासून आभार. सोमवारी फलकावर नेहमीसारखा कागद लागेल. 'उगाच डोक्यावर घेतलेले' या रकान्यातून एक नाव काढल्याचं त्यात लिहिलेलं असेल. तो आधी मोठ्याने वाचून दाखवायला शेजारी कुणी नसेल. तेव्हा दुःखातला विसर्ग राहिला असेल, तर तुम्ही पोटात घाला. धन्यवाद.